बॅटल सिटी, बायनरी लँड वगैरेंची मूळ जपानी खोकी, मॅन्युअल, पत्रकं... कोणी जमवतं का?

लाल_बटण

बॅटल सिटीच्या पहिल्या स्क्रीनवर खाली १९८० १९८५ असे दोन आकडे असायचे, आठवतंय का कुणाला? रणगाड्यांचा गेम हो, विटा फोडायच्या आणि खालचा गरुड वाचवायचा तो. त्यातलं १९८५ म्हणजे नॅमको या कंपनीनं हा गेम जपानात निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या मशीनवर काढला ते साल, आणि १९८० म्हणजे टँक बटॅलियन, नॅमकोचाच आधीचा आर्केड (पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायचा) गेम, ज्याच्यावरून हा बनवला. इतकी वर्षं तो स्क्रीन डोळ्यासमोर होता पण हे कळलं ते मूळ जपानी वस्तू बघायला लागल्यावर.

धाग्याचं कारण सांगतो. नव्वदच्या दशकात आपण ज्याला टीव्ही गेम म्हणायचो ती बहुतेक मशिनं म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला. मूळ फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ ला आला, किंमत १४,८०० येन. आणि आपल्या त्या ६४-इन-१, ९९९९-इन-१ कॅसेटींत जे भरलेलं असायचं त्यातले कितीतरी फॅमिकॉम गेम त्या काळात जपानबाहेर अधिकृतपणे विकलेच गेले नाहीत. बॅटल सिटी नाही, बायनरी लँड नाही, नट्स अँड मिल्क नाही, सर्कस चार्ली नाही, मॅपी नाही, स्काय डिस्ट्रॉयर नाही. अमेरिकेतल्या पोरांना घरच्या निन्टेन्डोवर जे मिळालेच नाहीत ते गेम सांगली-जळगावच्या पोरांना तोंडपाठ होते! पण आपल्याकडे आलं ते नुसतं आतलं. खोकं नाही, पुस्तिका नाही, गोष्ट नाही, आणि पायरसीवाल्यांनी तर बऱ्याचदा कंपनीचं नावसुद्धा स्क्रीनवरून पुसून टाकलेलं.

आता कमावते झाल्यावर बरेच जण जपानी मूळ कॅसेटी मागवतात, ते चांगलंच आहे. पण मला कळकळीनं सांगायचंय ते हे की कॅसेटीपेक्षा तिच्याबरोबरचा कागद जमवा. कॅसेटीतला डेटा आता जगभर हजार ठिकाणी कॉपी होऊन पडलाय, आख्खा बॅटल सिटी २४ केबीचा आहे, तो काही हरवत नाही. कागद मात्र हरवतो. दुकानाच्या काउंटरवर ठेवलेलं फुकट पत्रक पोरगं घरी नेणार, महिनाभर भिंतीला चिकटवणार आणि आई दिवाळीआधी सफाई करते तशी तिकडची आई वर्षअखेरच्या सफाईत ते टाकून देणार. खोक्यात प्रश्नावलीचं पोस्टकार्ड असायचं, ते तर भरून कंपनीला पाठवायचंच असायचं, म्हणजे पोरगं जितकं शहाणं तितकं कार्ड उरण्याची शक्यता कमी.

आणि गेममध्ये नसलेल्या गोष्टी त्या कागदात असतात. बायनरी लँडमधले ते दोन पेंग्विन, एक उजवीकडे गेला की दुसरा डावीकडे, त्यांना नावं आहेत, गुरिन आणि मालोन. रोड फायटरमध्ये बराच वेळ गाडी न ठोकता चालवली की बाजूनं उडत जायचा तो आपला 'सुपरमॅन', तो सुपरमॅन नाहीच, कोनामीचा स्वतःचा कोनामी मॅन आहे. आणि अ‍ॅडव्हेंचर आयलंडमधला टोपी आणि गवताचा झगा घातलेला जाड्या म्हणजे एक खराखुरा जिवंत माणूस आहे! हडसन सॉफ्ट या साप्पोरोच्या कंपनीतला प्रसिद्धी खात्याचा कर्मचारी, ताकाहाशी मेइजिन, सेकंदाला १६ वेळा बटण दाबण्यासाठी तिकडच्या पोरांचा हिरो. १९८६ ला आलेल्या गेमचं जपानी नावच 'ताकाहाशी मेइजिनचं साहसी बेट' असं आहे. हे आपल्याला कोण सांगणार होतं, खोकंच नव्हतं ना.

तर कोणाकडे काय आहे, कुठून मिळवलं, कसं ठेवता ते लिहा. महागड्या वस्तूंचीच चर्चा नको, छोट्या दुर्लक्षित गेम्सचं जास्त लिहा.

टापकीर_गल्ली

राव, गुरिन आणि मालोन वाचून मन भरून आलं. आमच्याकडे त्याला 'पेंग्विन लव्ह' म्हणायचे. माझ्याकडे कागद काहीच नाही पण चालू स्थितीतलं जुनं मशीन आहे, लांब वायरीच्या रिमोटवालं. प्रश्न असा की जपानी ओरिजिनल कॅसेट यात चालेल का? का फॅमिकॉमपण घ्यावा लागेल? आणि पत्रक म्हणजे नक्की काय, जाहिरात का?

लाल_बटण

@टापकीर_गल्ली चालेल बहुतेक. आपली मशिनं ६० पिनांची, फॅमिकॉमच्या कॅसेटीही ६० पिनांच्या, म्हणून सरळ बसतात. अमेरिकन निन्टेन्डोच्या ७२ पिनांच्या, त्या बसत नाहीत. फक्त आपली मशिनं पाल टीव्हीसाठी (म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीसाठी) बनवलेली त्यामुळे काही गेम मूळपेक्षा हळू चालतात, संगीतसुद्धा थोडं ओढल्यासारखं येतं. मूळ फॅमिकॉम घेतला तर दोन गोष्टी बघा. तो १०० व्होल्टवर चालतो, आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात त्याचा अ‍ॅडॉप्टर थेट लावला तर धूर निघेल, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. आणि जुन्याचं चित्र अँटेनाच्या वायरीतून येतं, जे आपल्या टीव्हीवर पकडणं कटकटीचं. १९९३ साली आलेल्या नव्या फॅमिकॉमला साधा एव्ही आउटपुट आहे, तो सोयीचा.

पत्रक म्हणजे तिकडे ज्याला चिराशी म्हणतात ते. कंपन्या दुकानांना गठ्ठे द्यायच्या, एका बाजूला रंगीत चित्र, मागं गेमची ओळख, किंमत आणि कधी येणार ती तारीख. बऱ्याचदा ते गेम पुरा व्हायच्या आधी छापलेलं असायचं त्यामुळे त्यातले फोटो आणि प्रत्यक्ष गेम यांत फरक सापडतो, कधी रंग वेगळा, कधी एखादा शत्रू जो नंतर काढूनच टाकला. म्हणजे गेम बनताना कसा बदलला त्याचा पुरावा आणि तोही फुकट वाटलेल्या कागदावर. मला याच्याइतकी मोलाची वस्तू दुसरी वाटत नाही.

मृणाल_जो

लेख आवडला पण एक मुद्दा मला पटत नाही. आपल्या आठवणीतली वस्तू ती जपानी पुस्तिका नाहीच. ती आपण पाहिलीच नव्हती. आपल्या आठवणीतली वस्तू म्हणजे ती पिवळी कॅसेट, जिच्या स्टिकरवर भलत्याच गेमचं चित्र छापलेलं आणि आत दहाच गेम पुन्हा पुन्हा वेगळ्या नावानं. ती वस्तू कोण जमवतंय? जपानी खोकं निदान जपानी लोक तरी जपतायत, मांदाराकेसारखी जुन्या संग्रहवस्तूंची दुकानं आहेत, लिलाव आहेत. आपल्या गल्लीतल्या कॅसेटींचे स्टिकर, त्या मशीनचे खोके, भाड्यानं कॅसेट देणाऱ्या दुकानांच्या वह्या, हे सगळं भंगारात गेलं आणि जातंय. मी स्वतः त्याच शोधात असते. लॅमिंग्टन रोडला आणि जुन्या बाजारात अजूनही कधी कधी न उघडलेली मशिनं सापडतात, खोक्यावर मूळ गेम्सची चित्रं कापून चिकटवल्यासारखी. माझ्या मते आपण आधी ते वाचवावं.

निशीकासाई_मुक्काम

इथे तोक्योत बरीच वर्षं आहे त्यामुळे कुठं मिळतं यावर लिहितो.

आकिहाबारा सगळ्यांना माहीत असतं, सुपर पोटॅटोसारखी जुन्या गेम्सची दुकानं वगैरे, तिथं एकदा जरूर जा, वरच्या मजल्यावर जुने आर्केड लावलेत, पण कागद घ्यायला ती जागा नाही, किमती पर्यटकांच्या आहेत. नाकानो ब्रॉडवेला जा. १९६६ चं जुनं कॉम्प्लेक्स, आतमध्ये मांदाराकेची दुकानं मजल्यामजल्यावर विखुरलेली, कंपनीची सुरुवातही तिथूनच झाली १९८० साली. तिथं गेमचे टेलिफोन कार्ड, पत्रकं, रेकॉर्डी, दुकानात लावायचे पोस्टर हे सगळं वेगवेगळ्या काउंटरवर असतं, एकाच ठिकाणी शोधू नका. मासिकं आणि गाइडबुकांसाठी जिंबोचो, जुन्या पुस्तकांचा मोहल्ला. ओसाकावाल्यांना निप्पोनबाशीची डेनडेन टाउन आणि नागोयावाल्यांना ओसू.

पण खरी मजा शहराबाहेरच्या हार्ड ऑफ या जुन्या सामानाच्या दुकानांमध्ये. तिथं 'जंक' म्हणून निळ्या क्रेट ठेवलेल्या असतात, न तपासलेला माल, पैसे परत नाहीत. तळाशी हात घालायचा. अशाच क्रेटमधून मला आयरेम या कंपनीच्या सुरुवातीच्या कॅसेटी मिळाल्या, ज्यांच्यावर छोटा लाल दिवा असतो, मशीन चालू केलं की पेटतो. कॅसेटीला दिवा! कशासाठी, तर पोरांना आवडेल म्हणून. त्यांच्या स्पेलंकर या गेमची मिळाली तर घ्याच, स्वस्त असते.

गाइडबुकांबद्दल, म्हणजे गेम कसा संपवायचा ते सांगणाऱ्या पुस्तकांबद्दल, दोन शब्द जास्त लिहितो कारण आपल्याकडे हा प्रकारच नव्हता. तोकुमा शोतेननं काढलेलं सुपर मारिओ ब्रदर्सचं गाइड १९८५ साली जपानात सर्वाधिक खपलेलं पुस्तक ठरलं. सगळ्या पुस्तकांत, फक्त गेम्सच्या नाही. त्यामुळे त्याच्या प्रती आजही ढिगानं मिळतात. छोट्या गेम्सची गाइडं कमी छापली गेली, ती बघा. 'ताकेशी नो चोसेनजो' म्हणून तैतो कंपनीचा १९८६ चा गेम आहे, विनोदी अभिनेता आणि पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेल्या कितानो ताकेशीचा, इतका विचित्र की एका ठिकाणी तासभर काही न करता बसावं लागतं. त्याचं गाइड निघालं, ते वाचूनही लोकांना गेम संपवता आला नाही, प्रकाशकाकडे तक्रारी गेल्या आणि मग दुसरं काढावं लागलं. ती दोन्ही शेजारी ठेवली की १९८६ च्या पोरांचा वैताग हातात येतो.

आणि हडसनचं शूटिंग वॉच. १९८७ चं खेळणं, दोन बटणं, दहा सेकंदात किती वेळा दाबता ते मोजतं. वर लाल_बटण यांनी ताकाहाशी मेइजिनचं लिहिलंय त्याचाच हा घरगुती सराव. हडसन दर उन्हाळ्यात देशभर कॅराव्हॅन फिरवायची, पहिली १९८५ ला स्टार फोर्स हा गोळ्या झाडायचा गेम घेऊन, गावोगाव पोरांच्या स्पर्धा. हडसनसुद्धा २०१२ ला कोनामीत विलीन झाली. मधमाशीचा लोगो असलेली कुठलीही जुनी वस्तू मी सोडत नाही.

विहंग७८

वाचनखूण साठवली. स्टार फोर्स आमच्या ४२-इन-१ मध्ये होता! अजून येऊ द्या.

लाल_बटण

@मृणाल_जो तुमचं म्हणणं मला मनापासून पटतंय आणि ते काम कोणी करायला हवं तर आपणच, कारण दुसरं कोणीच करणार नाही. तुमच्याकडच्या खोक्यांचे फोटो वेगळ्या धाग्यात टाका अशी विनंती, मी स्वतः मदत करतो. पण जपानी लोक जपतायत म्हणून तिकडं सगळं सुरक्षित आहे असं मात्र नाही हो. बघा, तिकडच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात प्रकाशित झालेली प्रत्येक गोष्ट जमा करायचा कायदा आहे, पण सीडी-कॅसेटीसारखं पॅकेज केलेलं डिजिटल प्रकाशन त्यात आलं ते २००० सालच्या ऑक्टोबरपासून. म्हणजे फॅमिकॉमचा सगळा काळ त्याच्या आधीचा. मासिकं आहेत तिथं, पण पत्रक, पोस्टकार्ड, दुकानातला स्टँडी (पुठ्ठ्याचा उभा कटआउट) हे प्रकाशनात मोडतच नाही. ते काम करतात ते छोटे लोक. तोक्योत गेम प्रिझर्वेशन सोसायटी म्हणून एनपीओ (ना-नफा संस्था) आहे, २०११ ला सुरू झालेली, तिचे अध्यक्ष जोसेफ रदाँ हे मूळचे फ्रेंच. फ्लॉप्या, कॅसेट टेपा, मासिकं, कागद सगळं शास्त्रशुद्ध जपतात. क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठातही गेम्सचं संग्रह केंद्र आहे. बाकी सगळं सामान्य संग्राहकांच्या कपाटात.

आणि नावांचा मुद्दा. त्या काळी बऱ्याच जपानी कंपन्या गेममध्ये बनवणाऱ्यांची खरी नावं घालू द्यायच्या नाहीत, दुसरी कंपनी माणसं पळवेल म्हणून, त्यामुळे क्रेडिट्स नाहीतच किंवा असली तर टोपणनावं. द टॉवर ऑफ ड्रुआगाचं संगीत ओझावा जुन्को यांचं, झेव्हियस आणि डिग डगचं केइनो युरिको यांचं, दोघी बायका, आणि त्यांचे सूर जगभर वाजत असताना खेळणाऱ्या कुणाला त्यांची नावं माहीत नव्हती. ही नावं बाहेर आली ती रेकॉर्डी, मासिकं, मुलाखती यातून. नॅमको स्वतःचं एनजी नावाचं मासिक काढायची १९८३ पासून, त्यांच्या गेम सेंटरांमधून मिळायचं, ते बघा कधी. आणि होसोनो हारुओमी यांनी १९८४ ला काढलेली 'व्हिडिओ गेम म्युझिक' ही एलपी, गेमच्या संगीताचा पहिला अल्बम म्हणून तीच मानली जाते, सगळं नॅमकोचं संगीत, मॅपीसुद्धा आहे त्यात. आपला मॅपी, ट्रॅम्पोलिनवरचा उंदीर पोलीस! १९८४ साली तो एलपीवर होता आणि आपण त्याला नव्वदीत बिननावाचा ओळखत होतो. हे जोडून दाखवायला कागद लागतो, म्हणून माझा एवढा आग्रह.

स्वप्नवही

फॅमिकॉमच्या पुढचं चालेल का? मी प्लेस्टेशनच्या काळातल्या गेम्सचं जमवते, त्यातही जे फारसे खपले नाहीत ते.

माझ्या मते वस्तूशिवाय गेम अर्धा राहतो याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे एलएसडी ड्रीम एम्युलेटर, १९९८, साटो ओसामू यांचा. यात जिंकायचं-हरायचं काही नाही, स्वप्नात चालत राहायचं, भिंतीला हात लागला की दुसऱ्या स्वप्नात. आणि ही स्वप्नं कुणीतरी खरंच पाहिलेली, कंपनीतल्या एका सहकारिणीनं दहाएक वर्षं लिहिलेल्या स्वप्नांच्या डायरीवरून हा गेम बनला. मर्यादित आवृत्तीत ती डायरी पुस्तक म्हणून दिलेली आणि वेगळी संगीताची सीडी. डायरी हातात असताना खेळणं आणि नसताना खेळणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. आता ती आवृत्ती माझ्या आवाक्याबाहेर आहे हे सरळ सांगते, साधी आवृत्तीसुद्धा महाग झालीये. त्यामुळे मी त्याच माणसाच्या १९९४ च्या ईस्टर्न माइंडचं काही सापडतंय का बघत असते.

दुसरा माझा अत्यंत लाडका म्हणजे मून, १९९७ चा, लव्ह-डी-लिक नावाच्या छोट्या कंपनीचा. यात हिरो येऊन राक्षस मारून जातो आणि तुम्ही त्या मेलेल्या प्राण्यांचे आत्मे वाचवता, लोकांशी बोलता, प्रेम गोळा करता. २०१९ ला निन्टेन्डोच्या स्विचवर पुन्हा आला आणि मग २०२० ला इंग्रजीतही, म्हणून आता लोकांना माहीत झालाय, त्याआधी वीसेक वर्षं जपानी न येणाऱ्याला तो बंदच होता. त्याच कंपनीचा लॅक ऑफ लव्ह सेगाच्या ड्रीमकास्ट मशीनवर २००० ला आला, संगीत साकामोतो रियूइची यांचं. इतका मोठा संगीतकार आणि इतका कमी माहीत असलेला गेम.

सीडीवाल्या गेम्समध्ये एक गोष्ट नक्की तपासा, खोक्याच्या कडेला घातलेली कागदी पट्टी, ओबी किंवा स्पाइन कार्ड म्हणतात. बहुतेक मुलांनी उघडल्या उघडल्या ती फेकली. ती असली की किंमत चढते, पण मला ती किमतीसाठी नको असते, तिच्यावर एका ओळीत कंपनीनं हा गेम लोकांना कसा सांगितला ते छापलेलं असतं, आणि मूनसारख्या गेमची एका ओळीत ओळख करून द्यायला कुणीतरी किती डोकं चालवलं असेल.

टापकीर_गल्ली

बाप रे, हे सगळं वाचून आता राहवत नाहीये. इथून मागवायचं कसं? आणि मागवलं तर आमच्याकडे रत्नागिरीला पावसाळ्यात वह्यांनासुद्धा बुरशी येते, तिथं चाळीस वर्षांचा जपानी कागद टिकेल का?

कागदकीडा

माझं कामच जुन्या कागदाचं आहे (ग्रंथालयात), त्यामुळे साठवणुकीवर लिहितो. कोकण आणि मुंबईच्या हवेत कागद नक्की टिकतो, काळजी घ्यावी लागते एवढंच.

पहिलं म्हणजे पाकीट. बाजारात मिळणारी गुळगुळीत, उग्र वासाची पीव्हीसीची पाकिटं अजिबात नको, काही वर्षांत ती चिकट होतात आणि छपाई ओढून घेतात. पॉलीप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची घ्या. पाकीट एका बाजूनं उघडं ठेवा, आपल्या हवेत पूर्ण सीलबंद केलं तर आतली दमट हवा आतच राहते. सेलोटेप, रबरबँड, स्टेपल काहीही नको. जुन्या मॅन्युअलच्या पिना गंजलेल्या असतील तर ओढू नका, पिनेची टोकं मागून अलगद सरळ करा आणि मग काढा, नंतर हवं तर जाड सुती दोऱ्यानं शिवून घेता येतं.

दुसरं, कसर. कसर कागदावरची खळ खाते आणि जपानी खोक्यांच्या सांध्यांना डिंक असतोच. डांबराच्या गोळ्या टाकायची आपली सवय आहे ती इथं चालणार नाही, त्यांच्या वाफेनं काही जातीचं प्लास्टिक मऊ पडतं, कॅसेट खराब होईल. कडुलिंबाची पानं थेट कागदात ठेवली तर डाग पडतात. त्यापेक्षा लोखंडी कपाट, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवलेलं, आत सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रता मोजणारा काटा. ५० टक्क्यांच्या आसपास राहिलं तर उत्तम, ६५ च्या वर आठवडाभर राहिलं की बुरशीची तयारी समजा. सिलिका जेल रंग बदलली की मंद आचेवर गरम करून परत वापरता येते. आषाढ-श्रावणात महिन्यातून दोनदा बघा, नंतर एवढं लागत नाही.

तिसरं, ऊन. फॅमिकॉमचे रंगीत खोके काचेच्या कपाटात खिडकीसमोर लावलेले फोटो लोक टाकतात ते बघून जीव तुटतो. आधी लाल आणि पिवळा उडतो, निळं तेवढं मागं राहतं. प्रदर्शनाला रंगीत झेरॉक्स ठेवा, मूळ अंधारात.

लाल_बटण

@कागदकीडा अनेक आभार, हे वरच्या पोस्टमध्येच जोडतो.

मागवण्याबद्दल: जपानी विक्रेते सहसा परदेशी पाठवत नाहीत, याहू ऑक्शन आणि मर्कारी या तिकडच्या खरेदी-विक्रीच्या साइटवर तर बहुतेक नाहीच. त्यामुळे प्रॉक्सी कंपनी लागते, ती तुमच्या वतीनं खरेदी करते, तिकडच्या गोदामात ठेवते आणि चार-पाच वस्तू एकत्र करून पाठवते. एकेक मागवलं तर टपालखर्चच वस्तूच्या वर जातो, म्हणून साठवून मागवा. कस्टम्स लागेल हे गृहीत धरा, पार्सलवर वस्तूचं वर्णन स्पष्ट आणि किंमत खरी लिहायला सांगा, कमी किंमत लिहून घ्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वर्णनात 'हाको-सेत्सु-त्सुकी' असलं म्हणजे खोकं आणि पुस्तिका दोन्ही आहेत. 'हागाकी' म्हणजे ते पोस्टकार्ड. 'याके' लिहिलंय म्हणजे उन्हानं पिवळं पडलंय, फोटोत दिसत नसलं तरी. शोधताना जपानीतच टाइप करा, इंग्रजीत शोधलं की तेच ते प्रसिद्ध गेम आणि दीडपट भाव.

अजून एक, हल्ली खोक्यांच्या नव्या छापलेल्या नकला फिरतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि रंगीत भाग बघा. मूळ ऑफसेट छपाईत ठिपक्यांची नीट जाळी दिसते आणि काळी अक्षरं एकसंध. प्रिंटरवर काढलेल्यात ठिपके विस्कटलेले, आणि काळ्या अक्षरांच्या कडेला रंग फुटलेला. स्वस्तात न उघडलेलं काही दिसलं तर विकणाऱ्याला जवळून फोटो मागा, देत नसेल तर सोडून द्या.

विहंग७८

डिस्क सिस्टिमबद्दल कोणी लिहिलं नाही. फॅमिकॉमला जोडायची ती पिवळी डिस्कवाली.

निशीकासाई_मुक्काम

@विहंग७८ बरं झालं आठवण केलीत. २१ फेब्रुवारी १९८६ ला आली, आणि तिची खासियत म्हणजे दुकानात डिस्क रायटर नावाचं मशीन असायचं, जुनी डिस्क घेऊन जा, ५०० येन द्या, त्याच डिस्कवर नवीन गेम लिहून मिळायचा. २००३ पर्यंत ही सेवा निन्टेन्डोनं चालू ठेवली होती. आता संग्रहाच्या दृष्टीनं विचार करा, गेम पुसून त्यावर दुसरा लिहिला, म्हणजे आधीच्या गेमची खूण म्हणून उरला तो फक्त बरोबर मिळालेला सूचनांचा साधा कागद. त्यामुळे फक्त रायटरवरच मिळालेल्या गेम्सचे ते कागद म्हणजे डिस्कपेक्षा दुर्मिळ. शिवाय स्पर्धा होत्या, गोल्फच्या गेमवर तुमचा स्कोअर दुकानातल्या डिस्क फॅक्स नावाच्या मशीनमधून क्योतोला जायचा, १९८७ च्या अशाच एका स्पर्धेचं बक्षीस म्हणून पंच-आउटची सोनेरी कॅसेट दहा हजार जणांना दिलेली. ती दिसते अजून बाजारात. ड्राइव्ह घेत असाल तर आतला रबरी पट्टा वितळलेला असणारच, नवीन मिळतो, बदलायला अर्धा दिवस ठेवा.

मृणाल_जो

सोनेरी कॅसेटींपेक्षा मला इथं एक वेगळी गोष्ट विचारायची आहे. फॅमिकॉमच्या कितीतरी कॅसेटींवर मागं मुलांनी मार्करनं नावं लिहिलेली असतात, इयत्ता, तुकडी, कधी फोन नंबरसुद्धा. विक्रेते त्याला खराबी म्हणून स्वस्तात देतात, काही जण तर घासून पुसून टाकतात. तुम्ही लोक काय करता?

लाल_बटण

पुसत नाही, कधीच नाही. कॅसेट शेजारच्या पोराला उसनी देताना परत यावी म्हणून लिहिलेलं नाव आहे ते. जपानात अशा नाव लिहिलेल्या कॅसेटी जमवून मूळ मालकांना परत करणारं एक ऑनलाइन संग्रहालयच चालतं, आणि खरंच काही कॅसेटी आता पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांच्या हातात परत गेल्यात. फक्त फोटो टाकताना पूर्ण नाव, फोन, पत्ता झाका, ती माणसं आज हयात आहेत.

स्वप्नवही

+१. आणि मृणालताई, तुम्ही जमवता त्या आपल्याकडच्या कॅसेटींवर पण नावं असतीलच की!

मृणाल_जो

आहेत ना. बॉलपेननं, स्टिकरच्या कडेला. भाड्याच्या दुकानाचे शिक्के पण आहेत. वेगळा धागा काढतेच या आठवड्यात. स्कॅन कितीवर करावं ते कागदकीडा यांनी सांगितलं तर बरं.

कागदकीडा

६०० डीपीआय, टिफ फॉरमॅट, स्कॅनरचं 'सुधारणा' वगैरे सगळं बंद. कडा न कापता, कागदाची चारही टोकं दिसली पाहिजेत. मागची कोरी बाजूसुद्धा स्कॅन करा, त्यावर दुकानाचा शिक्का किंवा पेन्सिलीत किंमत असते. फाइलच्या नावात गेमचं नाव, साल आणि कागद कसला आहे ते.

निशीकासाई_मुक्काम

माझ्याकडे बायनरी लँडची पुस्तिका एक जादा आहे, कव्हरला घडी पडलीये पण आतली पानं स्वच्छ. पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय. जो नीट स्कॅन करून इथं सगळ्यांसाठी टाकेल त्याला देईन, पैसे नकोत. मजकुराचं मराठी भाषांतर मी करून देतो.

टापकीर_गल्ली

मला द्या साहेब. स्कॅनर आहे, भिंग आणि पॉलीप्रॉपिलीनची पाकिटं आजच मागवतो. पुण्यात कुठं भेटायचं ते मेसेज करा.